चंदेरीचं पाणी

बदलापूरला सूर्य पूर्वेला मावळतो. इथे नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो चमकतो. मुंबईहून निघालेली रेल्वे उत्तरेकडे जाते तेव्हा तिच्या उजव्या हाताला पूर्व असते आणि डाव्या हाताला पश्चिम. कल्याणला कर्जतची गाडी आग्नेयेकडे वळते, स्टेशनांची पूर्व-पश्चिम मात्र तीच राहते. त्यामुळे अंबरनाथ पूर्व, बदलापूर पूर्व ही खरं तर नैर्ऋत्य बाजू, आणि त्या बाजूला क्षितिजभर डोंगर उभा आहे. मलंगगड, तावली, नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब आणि शेवटी माथेरान. रोज संध्याकाळी सूर्य याच रांगेमागे जातो. जूनमध्ये पाऊसही याच रांगेवरून येतो.

मी अंबरनाथची. माझ्या मनातला पावसाळा पंचांगाने सुरू होत नाही, डोंगर दिसेनासा झाला की सुरू होतो. झड लागली की चार-चार दिवस समोरची रांग पुसून जाते. इमारती, पाण्याच्या टाक्या आणि एमआयडीसीची धुराडी तेवढी उरतात. मग एखाद्या सकाळी पाऊस थांबतो, पण ऊन पडत नाही. ढग डोंगराच्या खांद्यापर्यंत वर सरकतात आणि खालची काळी कातळभिंत उघडी पडते. तिच्यावर उभ्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. आठवड्यापूर्वी त्या नव्हत्या आणि पावसाने उघडीप दिली तर दोन दिवसांत त्यातल्या निम्म्याही राहणार नाहीत. डोंगरात जायला मला हाच दिवस सगळ्यात आवडतो. हिवाळ्यात लांबचं दिसतं, उन्हाळ्यात वाट कोरडी असते, हे सगळं खरं. पण डोंगर पाणी कसं धरतो आणि कसं सोडतो हे फक्त झडीनंतरच्या ढगाळ दिवशी बघायला मिळतं.

जुलैच्या शेवटी तसा दिवस हाती आला. बरोबर उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणारी कॉलेजपासूनची मैत्रीण होती. ती सिंधी. तिच्या घरात सिंधी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि माझ्याशी ती माझ्याहून ठसठशीत मराठी बोलते. सकाळच्या वेळी सगळी गर्दी मुंबईकडे निघालेली असते, त्यामुळे उलट्या दिशेच्या कर्जत लोकलमध्ये आम्हाला खिडकी मिळाली. उजवीकडची खिडकी, डोंगराची.

बदलापूर सुटलं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात आणि डावीकडे उल्हास नदी जवळ येते. नदी तपकिरी झाली होती, काठावरचे करंज कमरेइतक्या पाण्यात उभे होते. हाच तो पट्टा. २७ जुलै २०१९ ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती. रुळांवर पाणी, आजूबाजूला पाणी, आणि गाडीत हजाराहून अधिक माणसं. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, आणि त्या सगळ्यांच्या बरोबरीने आसपासच्या गावांतली माणसं पाण्यात उतरली. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी टीव्हीवर वरून घेतलेलं जे चित्र दिसत होतं त्यात गाडी होती आणि सपाट पाणी होतं. डोंगर ढगात होता. पण पाणी आलं होतं डोंगरातूनच. कर्जतकडच्या घाटावरून आलेलं, आणि वाटेत या रांगेच्या एकेका ओढ्याने भर घातलेलं.

वांगणीला उतरलो. गोरेगावमार्गे चिंचोलीपर्यंत रिक्षा जाते. तिथून पुढे पायवाट.

खाचरांत आवणी चालली होती. ठाणे जिल्ह्यातला हा सगळ्यात घाईचा काळ. राबातून उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर पडलेल्या, चिखलणी झालेल्या खाचरात बायकांची ओळ मागे मागे सरकत जाते आणि तिच्या पुढ्यात हिरवं उमटत जातं. सगळ्यांच्या डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद होते, खताच्या गोण्या कापून शिवलेले. ओळीच्या टोकाला एका म्हातारीच्या पाठीवर मात्र बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शिवलेलं इरलं होतं. मी थांबून बघत राहिले. वाकल्यावर ते तिला डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकत होतं, दोन्ही हात मोकळे, आणि पाणी कडेने अशा बेताने ओघळत होतं की लावलेल्या रोपावर पडू नये. हे इरलं तिने स्वतः शिवलं असेल तर ती कला तिच्यापाशीच संपणार की काय, या विचाराने मला चुटपूट लागली. तिच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, आता इरलं विणत कोण बसणार, प्लॅस्टिक स्वस्त पडतं. तेही बरोबरच आहे.

गावातले एक ठाकर मामा आमच्याबरोबर येणार होते. पावसाळ्यात चंदेरीला गावातल्या माणसाशिवाय जाऊ नये. वाट ओढ्याला धरून वर जाते आणि ओढा रोज वेगळा असतो. मामा साठीच्या पुढचे, पायात रबरी चप्पल, खांद्याला कोयता. आमच्या पायांत ट्रेकिंगचे बूट. ओल्या कातळावर मामांची चप्पल आमच्या बुटांपेक्षा घट्ट बसत होती, कारण ते पाय टाकायच्या आधी दगड बघत नव्हते, दगडावरचं पाणी बघत होते. जिथून पाणी झरझर वाहतं तिथे शेवाळ धरत नाही, पाय तिथे ठेवायचा. जिथे पाणी नुसतं झिरपतं आणि दगड काळा-हिरवा चकाकतो, तिथे नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, मी मागून चालताना बघितलं.

पहिल्या ओढ्यापाशी ते उभे राहिले. पाणी गुडघ्याच्या वर होतं, पण नितळ होतं. तळातले दगड दिसत होते. मामा म्हणाले, "असं पाणी चालतं. गढूळ झालं, पाला वाहत आला, आवाज जड झाला, की वर पाऊस झाला म्हणून समजायचं. मग अलीकडचा अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. कोणी हलायचं नाही." खाली ऊन असलं तरी? "खाली काय आहे ते ओढ्याला काय माहीत?"

हे एवढं ज्ञान आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं असं मला फार वाटतं. इथून जवळच कोंडेश्वर आहे, शंकराचं देऊळ आणि त्यापुढे डोह. दर पावसाळ्यात अशा डोहांत शहरातली तरणी पोरं बुडतात. जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं, पोलीस वाटा अडवतात, लोक आडवाटेने जातात. ते आदेश पाळायला हवेत. पण त्याच्या जोडीला, पाणी वाचायचं कसं, हे कोणीतरी शिकवायलाही हवं. डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिलेली ही लाखा-लाखांची शहरं आणि त्यांतल्या मुलांना नळाचं पाणी तेवढं ठाऊक.

ओढा ओलांडल्यावर रान दाट झालं. साग, ऐन, कुड्याची झाडं, खाली कारवी. कारवीच्या पानांवर पाणी साठलेलं असतं आणि वाट इतकी अरुंद की पाऊस थांबलेला असूनही पाचच मिनिटांत आम्ही कमरेपर्यंत भिजलो. वाटेच्या कडेला चवर फुलली होती. रानहळदीचा हा तुरा थेट जमिनीतून उगवल्यासारखा वर येतो, शेंड्याची पानं गुलाबी-जांभळी आणि त्यांच्या कुशीत पिवळी फुलं. एका करवंदीच्या जाळीवर कळलावीने वेल चढवली होती. तिची फुलं खालून पिवळी आणि वर लाल, पाकळ्या उलट्या वळलेल्या. ढगाळ उजेडात हे रंग उन्हापेक्षा गडद दिसतात, सावली नसते म्हणून असेल. दगडाखालून खेकडे निघत होते. वरच्या झाडीत कुठेतरी कस्तूर शीळ घालत होता. माणसाने उगाच, स्वतःशीच घातल्यासारखी शीळ. मधेच सूर सोडून देतो आणि वेगळीकडे धरतो. ओढ्याच्या एवढ्या आवाजातूनही ती ऐकू येत होती. तो पक्षी ओढ्याकाठीच राहतो, तेव्हा पाण्याच्या आवाजावर चढेल असाच सूर त्याने लावलेला असणार.

मग घळ सुरू झाली. चंदेरी आणि म्हैसमाळ यांच्यामधल्या खिंडीतून खाली उतरणारी ही घळ म्हणजेच वाट, आणि तीच पाण्याचीही वाट. दोघांनाही दुसरी जागा नाही. मोठमोठे धोंडे एकमेकांवर पडलेले, त्यांच्या खालून पाणी गडगडत जातं, कुठे वरून. धोंड्यांवर हात ठेवला की ओला काळा दगड म्हशीच्या पाठीसारखा लागतो, खरखरीत आणि गार. डावी-उजवीकडच्या भिंतींवरून पाण्याच्या पातळ सरी सुटलेल्या. वारा आला की त्या सरी मोडतात, त्यांचा धूर होतो आणि तो धूर आपल्याच अंगावर येतो. कितीदा तरी वाटलं की पाऊस सुरू झाला. मामा नुसतेच मान हलवायचे, नाही.

या घळीत मी जे बघितलं ते नीट सांगायला हवं. उजव्या भिंतीत साधारण छातीच्या उंचीवर विटकरी रंगाचा हातभर रुंद पट्टा होता, आडवा, दूरवर गेलेला. त्याच्या वर काळा कातळ, खाली काळा कातळ. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. दोन थरांच्या मधे जो काळ गेला त्यात खालच्या थराची माती झाली; वरून पुढचा थर आला तेव्हा ती माती भाजून निघाली. तो हा तांबडा पट्टा. तो मऊ असतो, चिकणा असतो, पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी या पट्ट्यापाशी येतं, अडतं आणि बाहेर पडतं. मी जवळ जाऊन बघितलं. पट्ट्याच्या वरच्या कडेने, दर वीत-दोन वितींवर, पाण्याचा एकेक थेंब फुगत होता, सुटत होता. ओढ्याच्या त्या दणदणाटात हे काम बिनआवाजाने चाललं होतं. मैत्रिणीने ओंजळ लावली. ओंजळ भरायला बराच वेळ लागला, ती तेवढा वेळ उभी राहिली, आणि मग प्यायली.

ओढा चार दिवसांत ओसरेल. हे थेंब दिवाळीपर्यंत पडत राहतील. खालच्या वाडीतल्या विहिरीला पाणी असतं ते यांच्या जिवावर. डोंगरावरचं रान तोडलं की पहिल्यांदा हे थेंब आटतात आणि मगच कोणालातरी जाणवतं की विहीर लवकर तळ गाठतेय.

खिंडीत पोहोचलो आणि वारा अंगावर आला. पलीकडे काहीच नव्हतं, फक्त ढग खालून वर येत होते. नैर्ऋत्येकडून आलेले, पनवेलच्या खाडीवरून चढलेले. इथे डोंगराची धार इतकी अरुंद आहे की एका बाजूचं पाणी ओढ्याओढ्याने उल्हासमध्ये जातं, बदलापूर-उल्हासनगर-कल्याणला वळसे घालत वसईच्या खाडीत पोहोचतं. दुसऱ्या बाजूचं गाढी नदीतून पनवेलला. मामा त्या पांढऱ्या पोकळीकडे बोट करून म्हणाले, "लेक तिकडे दिलीय." पूर्वी याच खिंडीतून येणं-जाणं होतं. सणाला लेक पोरं घेऊन डोंगर चढून यायची. आता ती बसने, रेल्वेने फेरा घालून येते, दिवस मोडतो. मी विचारलं, पावसात काळजी वाटते का. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "इरसाळवाडी झाल्यापासून वाटते."

याच डोंगरांच्या दक्षिणेला इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आदिवासी वाडी, पायवाटेशिवाय रस्ता नाही, चिखलातून यंत्रं वर चढेनात. २७ मृतदेह मिळाले आणि शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. रात्री उशिरा, माणसं झोपेत असताना. तीन दिवसांच्या पावसाने फुगलेल्या मातीने आपलं वजन सोडलं. मी ज्याला सुंदर म्हणत चालले होते तो हाच पाऊस आणि हाच डोंगर. म्हणून तो सुंदर नाही असं मी म्हणणार नाही. पण डोंगरावर एका दिवसासाठी येणाऱ्याने, इथे रात्री झोपणारी माणसं आहेत हे विसरून त्याच्याकडे बघू नये. मामा सांगत होते, जोराचा पाऊस असला की वाडीतला कोणी ना कोणी जागा राहतो. पाळी ठरवलेली नाही. ज्याला झोप येत नाही तो.

खिंडीतून उजवीकडे चंदेरीच्या सुळक्याखालून वाट जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ढग. ढगामुळे दरी दिसत नव्हती आणि त्यामुळे पाय जास्त निश्चिंतपणे पडत होते. मामांनी मात्र याच टप्प्यात आम्हाला एकेक करून पुढे घेतलं. मग गुहा आली. आठ-दहा माणसं बसतील एवढी, सुळक्याच्या पोटातली. जवळ शंकराची पिंड आणि झिजलेला नंदी, थोड्या अंतरावर कातळात खोदलेलं टाकं, काठोकाठ भरलेलं. वर सुळक्याच्या माथ्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, पण त्या कातळावर पावसात चढू नये. आम्हाला चढायचंही नव्हतं.

गुहेत डबे उघडले. माझ्याकडे तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी, मैत्रिणीकडे कोकी. कांदा-मिरची घालून भाजलेली जाड सिंधी कोकी प्रवासात दोन दिवस टिकते. तिची आजी सांगायची की सिंधहून निघालेल्या कितीतरी बायकांच्या गाठोड्यात हीच होती. मामांना कोकी आवडली. त्यांनी विचारलं, हे तुमच्याकडचं कुठलं गाव? ती म्हणाली, "गाव आता नाही, मामा. उल्हासनगरच."

फाळणीनंतर लाखाच्या आसपास सिंधी माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, त्यांचे पाच भाग. म्हणून आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असंच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधूच्या काठचे लोक एका दुसऱ्या नदीचं नाव लावून राहू लागले. माझ्या मैत्रिणीची आजी म्हणायची, बराकीतल्या पहिल्या पावसाळ्यात तिने जेवढा पाऊस बघितला तेवढा सिंधमध्ये सगळ्या आयुष्यात मिळून बघितला नव्हता.

जेवण झाल्यावर मैत्रिणीने खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदाची पुडी काढली. तांदूळ आणि साखर. तिची आई झूलेलालचा चालिहो करते, जुलै-ऑगस्टमधलं चाळीस दिवसांचं व्रत. झूलेलाल हा पाण्याचा देव. त्याच्या नावाने तांदूळ-साखर पाण्याला वाहतात. आईने सकाळी निघताना पुडी हातात दिली होती. म्हणाली होती, तू जाते आहेस तिथे स्वच्छ वाहतं पाणी असेल, तिथे टाक. टाक्याच्या पुढे कातळाच्या खाचेतून एक ओहोळ खाली झेपावत होता. ती तिथे वाकली, डोक्यावरून ओढणी घेतली, ओठांत काही पुटपुटली आणि तांदूळ सोडले. पाण्याने ते लगेच नेले. मामा जरा अंतरावर हात जोडून उभे होते. त्यांना झूलेलाल ठाऊक नव्हता, पण पाण्याला वाहायचं असतं हे ठाऊक होतं.

तिच्या घरामागूनही नदी वाहते. तिचं नाव वालधुनी. शहरातले बहुतेक लोक तिला नाला म्हणतात. ती याच रांगेत, तावलीच्या अंगाच्या डोंगरांत उगम पावते. काकोळे गावापाशी जीआयपी रेल्वेने बांधलेलं तळं आहे, अजूनही जीआयपी टँक म्हणतात; त्याच भागात रेल नीरचा कारखाना उभा राहिला, म्हणजे फलाटावर आपण जी बाटली विकत घेतो तिचंही नातं या डोंगराशी आहे. तिथून वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून जाते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे मंदिर. माम्वाणी राजाच्या काळात ते पुरं झालं. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं आणि वर शिखर नसल्याने आभाळ दिसतं. पावसाळ्यात पाऊस थेट पिंडीवर पडतो. ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी नदी बघून निवडली. मंदिरापर्यंत ती नदी आहे असं निदान पावसाळ्यात तरी म्हणता येतं. पुढे कारखान्यांचं पाणी येतं, शहरांचं सांडपाणी येतं. जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा उल्हासनगरात तिचा रंग कधी निळा, कधी काळा असायचा आणि नाकाला पदर लावल्याशिवाय पुलावरून जाता यायचं नाही. याचिका झाल्या, हरित लवादाने दंड ठोठावले, बऱ्याच कारखान्यांना टाळी लागली. तरी तांदूळ सोडावेत असं पाणी अजून झालेलं नाही.

मला राग येतो तो याचा. चार कोसांवर एवढं पाणी, एवढं नितळ, ओंजळीने पिता येईल असं. आणि ज्या शहरांना ते फुकट मिळालं त्यांनी त्याच्याकडे पाठ करून घरं बांधली. नदीकडे मागचं दार, नदीकडे मोरीचा पाइप, नदीकडे कचऱ्याची पिशवी. २६ जुलै २००५ ला वालधुनी घराघरांत शिरली तेव्हा लोक म्हणाले, नाला भरला. तिचं पात्र कुठपर्यंत होतं, आपलं घर त्यात आहे का, हे फार थोड्यांनी विचारलं.

परतताना खिंडीत थांबलो असताना ढग फाटला. फार तर पाच मिनिटं. वायव्येला मलंगगडाचा माथा निघाला, मधली माची अजून ढगात. १७८० च्या पावसाळ्यात कॅप्टन अ‍ॅबिंग्टनची इंग्रज पलटण तिथे अडकून पडली होती. खालचा डोंगर त्याच्या ताब्यात आला, वरचा गड मराठ्यांनी सोडला नाही, आणि ऑक्टोबर लागता लागता कर्नल हार्टलीने येऊन त्याला सोडवलं. असल्या पावसात, असल्या कातळाखाली त्याचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना त्या क्षणी चांगली आली. मग उत्तरेकडचं, म्हणजे खऱ्या उत्तरेकडचं, दिसू लागलं. खाचरांचे हिरवे तुकडे, त्यांच्यामधून उल्हासचं तपकिरी वळण, बदलापूरचे नवे टॉवर, अंबरनाथची धुराडी, आणि त्याहून पलीकडे धूसर, घरंच घरं, ते उल्हासनगर. मैत्रीण आपली गल्ली शोधू लागली. ती अर्थातच सापडली नाही. पण तिला एक गोष्ट दिसली आणि तिने मला दाखवली: घरांच्या त्या दाटीतून झाडांची एक वाकडीतिकडी बारीक ओळ जात होती. वालधुनीच असणार. वरून बघताना ती अजून नदीसारखीच जात होती, जमिनीचा उतार धरून.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. घळीत मामांनी दोनदा थांबवलं, एकदा बराच वेळ, कारण ओढ्याच्या पाण्यात पाला दिसला. आम्ही एका धोंड्यावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने पाणी पुन्हा नितळ झालं, मग पुढे. गावात मामांच्या सुनेने कोरा चहा दिला, गवती चहाची पात घातलेला. वांगणी स्टेशनच्या बाहेर दोन कातकरी बायका पोत्यावर रानभाज्या मांडून बसल्या होत्या: कंटोळी, कुळू, भारंगीची पानं. कंटोळी घेतली. भाव केला नाही. ती कुठल्या काट्यांतून निघतात हे दिवसभर बघितलं होतं.

मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मैत्रिणीने घरी फोन लावला, आईला पुडीचं सांगायला. फोन वडिलांनी उचलला. कुठे गेला होतात, काय काय बघितलं, हे सगळं झाल्यावर ती म्हणाली, पुढच्या वेळी काकोळ्याच्या बाजूने जाणार आहोत, वालधुनी निघते कुठून ते बघायला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. ते सिंधीत बोलत होते, मधे हिंदी. म्हणाले, बराकीच्या मागे एक मोठा दगड होता, त्यावरून आम्ही पोरं वालधुनीत उड्या मारायचो. मासे असायचे. आई काठी घेऊन यायची, बाहेर निघायचो नाही. मग त्या दगडाची जागा सांगू लागले, आता तिथे कोणती इमारत आहे, तिच्या कोणत्या कोपऱ्याला तो पुरला गेला असेल. बदलापूर गेलं, अंबरनाथ आलं, ते अजून सांगतच होते. शेवटी म्हणाले, गुडघ्यांचं काय ते मी बघून घेतो. काकोळ्याला जाल तेव्हा मला बरोबर घ्या.